ब्लॉकचा मुक्काम

बोअर गेजचा काटा शून्याच्या डावीकडे दोन घरं गेला, उजवीकडे दोन घरं आला आणि परत डावीकडे गेला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस साधारण सात-आठ घरं जाड असतो. सिलिंडरमध्ये गेज उतरवून किंचित झुलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो तिथं माप वाचायचं, अशी त्याची रीत आहे. झुलवणं थांबलं की काटाही थांबतो. आप्पांनी झुलवणं केव्हाच थांबवलं होतं. पंखा बंद होता, गेज चांगला होता, तरी काटा एका लयीत हलत राहिला.

आप्पा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग गेज वर काढून फडक्यावर ठेवत म्हणाले, "ऊब आहे अजून. आजची रात्र राहू दे."

दारातल्या लाकडी खोक्यावर बसून शेंगा सोलणाऱ्या भूपालकाकांचा हात थांबला. एक रात्र तर झालीच की, असं त्यांनी म्हणून बघितलं. आप्पा म्हणाले, अजून एक होईल.

"ह्या ब्लॉकपेक्षा जावई बरा," भूपालकाका माझ्याकडे वळून म्हणाले. "सासुरवाडीला कितीबी पाहुणचार करा, तिसऱ्या दिवशी आपणहून उठतोय."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जयसिंगपुरात स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं बोअरिंगचं दुकान होतं. इंजिन जुनं झालं की त्याचे सिलिंडर आतून झिजतात, गोल राहत नाहीत. ते आतून पुन्हा गोल कापून घ्यायचे आणि त्यात थोडा मोठा पिस्टन बसवायचा. हे कापणं म्हणजे बोअर मारणं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिऱ्हाइकांच्या नेमूअण्णांनी, उभं आयुष्य तेच केलं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन गावातल्याच कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल्स घेत होते, आणि सुट्टीत दुकानात असायची. स्कूटर आणि मोपेडचे सिलिंडर मी शाळेत असल्यापासून मारत आले होते. ट्रॅक्टरचा ब्लॉक, म्हणजे चारही सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा बिडाचा ठोकळा, मात्र आप्पांचा. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. आलेला ब्लॉक कधीही त्याच दिवशी मापायचा नाही. डिझेलनं धुऊन तो आतल्या खोलीत लाकडी फळ्यांवर ठेवायचा, खिडकीला ओलं पोतं लावायचं आणि गेज आणि तो शून्यावर लावायची नेमक्या मापाची कडी त्याच्या शेजारी ठेवून दार लावून घ्यायचं. सगळ्यांनी एका खोलीत एक रात्र काढली पाहिजे. गिऱ्हाइकं त्याला ब्लॉकचा मुक्काम म्हणायची आणि चेष्टा करायची. आप्पांना हे त्यांच्या कोल्हापूरच्या उस्तादांनी शिकवलं होतं. मी कॉलेजात गेल्यावर हिशेब करून बघितला. उन्हातून आलेल्या बिडाच्या ब्लॉकमध्ये ट्रॅक्टरचा सिलिंडर त्या काट्याची दोन घरं तरी फुगलेला असतो. तसाच मापून मारला तर माप चुकणार. नियम बरोबर होता आणि एक रात्र त्याला पुरत होती. दुसऱ्या रात्रीची गरज मी त्या दिवसापर्यंत कधी बघितली नव्हती.

भूपाल चौगुले नदीकाठच्या गावचे, आप्पांपेक्षा बरेच लहान, बोलायला मोकळे. त्यांचा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी बैलजोडी विकून घेतलेला. त्या जोडीतल्या लाडक्या बैलाचं नाव हरण्या, म्हणून ट्रॅक्टरचंही नाव हरण्या. त्यांच्या गावच्या जत्रेत नांगरलेल्या रानातून वाळूच्या पोत्यांनी भरलेला लोखंडी गाडा ट्रॅक्टरला ओढायला लावतात. ज्याचा गाडा सगळ्यात लांब जाईल तो जिंकला. आदल्या वर्षी हरण्यानं मान टाकली ती पहिल्या नंबरच्या खुणेपासून एक हात अलीकडे. पहिला आला तो चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर. हरल्याचं दुःख नव्हतं, असं भूपालकाका सांगायचे. पण त्या भावानं लाउडस्पीकर हातात घेऊन सगळ्या गावापुढं म्हटलं होतं, की हरण्याला आता जत्रेला आणू नका, देवळापुढं ठेवा, लोक हळदकुंकू तरी वाहतील.

म्हणून ते आले होते ते साठ मारून घ्यायला. साठ म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे साठ हजारावे भाग मोठा पिस्टन. बोअर मोठा, पिस्टन मोठा, ताकद जास्त.

"किती जास्त?" त्यांनी मला विचारलं. शिकलेल्या माणसाला विचारायचं म्हणून विचारलं.

मी पिस्टनच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढून सांगितलं, शंभराला तीन. जास्तीत जास्त.

"तीनच?" ते म्हणाले. मग जरा वेळानं, "गाडा गेला हुता तीस-बत्तीस हात. एक हात कमी पडला. म्हणजे शंभराला किती झालं?"

मी म्हटलं, ते असं सरळ मोजता येत नाही. जमीन असते, चाकाची पकड असते. पण शंभराला तीनच झालं.

"मग मारा," ते आप्पांना म्हणाले. "तिनात तर निवडणुका जिकत्यात लोक."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी ब्लॉकच्या बाजूचं पाण्याचं बूच काढून आत वाकडा कॅलिपर घातला होता आणि सिलिंडरची भिंत बाहेरून चाचपली होती. तिसऱ्या सिलिंडरची एक बाजू पातळ होती. कारखान्यात ओततानाच ती तशी झाली असणार. साठ मारल्यावर भिंत उरत होती, पण तेवढीच. साठाच्या पुढचा पिस्टन त्या ट्रॅक्टरला मिळत नव्हता, आत नव्या भिंतीसारखी नळी, म्हणजे स्लीव्ह, घालायची तर आणखी कापावं लागणार, आणि तेवढं लोखंड नव्हतं. त्या जातीचा दुसरा ब्लॉक तर भंगारातही दिसत नव्हता. हे सगळं आप्पांनी भूपालकाकांना नीट सांगितलं. हा शेवटचा बोअर. माप थोडं जरी जास्त गेलं तरी हरण्या संपला.

"तुमच्या हातनं गेलंय कधी?" भूपालकाका म्हणाले.

कधीच गेलं नव्हतं.

दुसऱ्या रात्रीनंतरही काटा तसाच हलला. आप्पा म्हणाले, ऊब आहे. तिसऱ्या सकाळी भूपालकाका काकवीची बरणी घेऊन आले आणि ब्लॉकला पाळणा बांधू का म्हणून विचारलं. जत्रा आली होती तोंडावर. इंजिन जोडायचं, हळूहळू चालवून सैल करायचं, म्हणजे बोअर आता झालाच पाहिजे होता. आप्पांनी गेज उतरवला, बघितला, काढला. मी शेजारी उभी होते.

"गेज बदलू का आप्पा?" मी हळूच विचारलं. "कपाटात जुना आहे."

त्यांना एक वाट काढून द्यावी म्हणून मी ते बोलले. गेज बिघडलाय म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं.

"गेज चांगला आहे," आप्पा म्हणाले. हत्याराला खोटं पाडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं. त्यामुळे दुकानही लवकर बंद होई आणि संध्याकाळचा उजेड असतानाच आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसत असू. त्या दिवशी जेवणाआधी आईनं आप्पांना चहा दिला तो स्टीलच्या उंच पेल्यात, आणि पेला अर्धाच भरला होता. मला आणि स्वतःला कपबशी. हे कधीपासून चाललं होतं ते मला सांगता येईना, कारण मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

ते उठून हात धुवायला गेल्यावर मी आईकडे बघितलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "दुकानातली रोजची कामं सवयीनं होतात म्हणून निभतंय. मोठं काम आलं की दोन-दोन दिवस झोप नाही."

मी विचारलं, त्यांच्याशी बोलू का. आईनं पोळपाट बाजूला सरकवला.

"तू विचारलंस की ते म्हणणार, बघू. आणि एकदा बघू म्हणाले की वर्ष जातं. त्यांचं त्यांना बोलू दे."

बघू हा शब्द आमच्या दुकानात रोजचाच होता. नेमूअण्णा, तुमच्या मागं मशीन कोण बघणार, असं येणारा-जाणारा विचारायचा. कुणी म्हणायचं इचलकरंजीच्या पुतण्याला आणून बसवा. कुणी म्हणायचं, पोरीला स्थळ बघतानाच कारागीर बघा, एका दगडात दोन कामं. आप्पा म्हणायचे, बघू. त्या वेळी मी तिथंच, चार हातांवर, कुणाच्या तरी स्कूटरचा सिलिंडर आतून गुळगुळीत करायला होन फिरवत असायची.

मला ते मशीन हवं होतं. कॉलेजातली नोकरी वाईट नव्हती, पण तिथं वर्षानुवर्षं तेच प्रयोग होते आणि त्यांची उत्तरं पुस्तकात आधीच छापलेली होती. इथं प्रत्येक ब्लॉक निराळा. मी हे आप्पांना कधी म्हटलं नव्हतं. मागितल्यावर त्यांनी दिलं असतं. पण मग गिऱ्हाईक म्हणालं असतं, पोरीनं हट्ट केला, अण्णांनी पुरवला. शेवटच्या बोअरचा ब्लॉक अशा हातात कुणी देत नाही. त्यांनी आपणहून द्यायला हवं होतं, आणि तेही चार लोकांत.

चौथ्या सकाळी आप्पा यायच्या आधी मी दुकान उघडलं. आतल्या खोलीत गारवा होता. ब्लॉकवर तळहात ठेवला. पोत्यावरच्या ओलीइतका तो गार होता. गेज कडीवर शून्य करून घेतला आणि पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात केली. वर, मध्ये, खाली, मग गेज आडवा फिरवून पुन्हा तसंच. काटा जाऊन उलटायचा आणि मी थांबले की थांबायचा. चारही सिलिंडर झाले. तिसरा पातळ भिंतीच्या बाजूला जास्त झिजला होता, तेही दिसलं. साठ बसत होता. पुरेसं लोखंड होतं, कुठंही जास्तीचं नव्हतं. मी गेज होता तसा फडक्यावर ठेवला आणि बाहेर येऊन झाडू हातात घेतला.

बोअरचं मशीन थरथरत नाही आणि त्याला हाताचं वळण लागत नाही. ब्लॉकवर ते आवळून बसवायचं, सिलिंडरच्या मध्याला आणायचं, आणि कटर किती बाहेर काढायचा ते मायक्रोमीटरवर लावायचं. सगळं काम त्या लावण्यात असतं. त्यानंतर मशीन आपल्या चालीनं खाली उतरतं, माणसानं फक्त आवाज ऐकायचा. आप्पांचा कान अजून तयार होता. कटर बोथट झाला की ते रस्त्यावरून ओळखायचे. त्यांचे डोळेही चांगले होते. गेलं होतं ते एवढंच, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत काहीही स्थिर राहत नव्हतं.

त्या दिवशी भूपालकाका शेंगा घेऊन आले नाहीत. छोटा टेम्पो घेऊन आले आणि तो दाराशी उलटा लावला.

"अण्णा, राग मानू नका," ते म्हणाले, "मी मिरजेला विचारून आलोय. तिथला एक जण म्हणतोय, सकाळी आणा, दुपारी न्या."

आप्पा खुर्चीवरून उठले. मिरजेचं कोण ते त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, की ब्लॉक टेम्पोत उन्हातून जाणार आणि तसाच मशीनखाली जाणार ना. भूपालकाका म्हणाले, असंल. मग आप्पांनी त्यांना भिंतीचं पुन्हा सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरचं, पातळ बाजूचं. गरम मापून मारला तर गार झाल्यावर बोअर आवळतो आणि पिस्टन अडकतो, तेही सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातले होते. एरवी ते बोलताना हातांनी सिलिंडरचा आकार दाखवायचे.

"मला कळतंय अण्णा," भूपालकाका म्हणाले. "पण तुम्ही मारत न्हाई, आन् त्यो मारतोय. जत्रा माझ्यासाठी थांबणार हाय काय? सगळं गाव वाट बघतंय, मी हरण्या आणतोय की देवळापुढं ठेवतोय."

टेम्पोवाला खाली उतरून दोर सोडायला लागला. मला आठवतंय, त्या क्षणी मला भीती अशी वाटली नाही. मला आकडे माहीत होते.

"आप्पा," मी म्हटलं, "जायच्या आधी मी एकदा माप बघू?"

ते माझ्याकडे वळले. मी काय विचारते आहे ते त्यांना कळलं. ते किती वेळ बघत होते मी मोजलं नाही, पण टेम्पोवाल्याची एक गाठ सुटून दुसरी सुटेपर्यंत तरी. मग त्यांनी मान हलवली आणि आतल्या खोलीचं दार स्वतः, खांद्यानं, पूर्ण उघडलं.

मी गेज कडीत शून्य केला आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये उतरवला. मुद्दाम तिसऱ्यात. झुलवला, काटा उलटला, मी थांबले. काटा थांबला.

भूपालकाका माझ्या खांद्याशी येऊन वाकले होते. रोज तीन-चार हातांवर बसून त्यांनी तो काटा बघितला होता. त्यांना वाचता येत नसला तरी हलणारा आणि थांबलेला काटा कुणालाही कळतो. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि तबकडीच्या अगदी जवळ गेले. मी गेज तसाच धरून ठेवला. मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये, मग चौथ्यात. प्रत्येक ठिकाणी मी माप मोठ्यानं सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी काटा माप सांगून होईपर्यंत उभा राहिला.

"ह्यो तर उभा हाय," भूपालकाका म्हणाले. त्यांनी ब्लॉकवर हात ठेवला, उचलला, परत ठेवला. "आन् ह्यो गारढोण हाय की. मग अण्णा, ऊब कुठं हुती?"

विचारून झाल्यावर त्यांची नजर आप्पांच्या खिशांकडे गेली. ते बोलके होते, पण मठ्ठ नव्हते. ते सरळ उभे राहिले. बाहेर टेम्पोवाल्यानं विचारलं, उचलायचा का. भूपालकाकांनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"पोरीचा हात चांगला हाय," भूपालकाका शेवटी म्हणाले, आप्पांना नव्हे, ब्लॉकला सांगितल्यासारखं. "पण माप वाचणं येगळं, अण्णा. कापणं येगळं. हिनं ट्रॅक्टर मारलाय कधी?"

"नाही," मी म्हटलं. "स्कूटर मारल्यात. चुकलेली एकही नाही."

"स्कूटर चुकली तर दुसरा सिलिंडर येतोय पोरी. हरण्या दुसरा येत न्हाई."

हे खरं होतं. मी गेज काढून फडक्यावर ठेवला. बोलायचं ते आता माझ्याकडे नव्हतं.

आप्पांनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही. ते त्यांनी ब्लॉकच्या कडेवर, आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढं, पालथे ठेवले. लोखंडावर टेकलेले असूनही त्यांची बोटं हलत होती. काट्याची ती लय मी ओळखली. भूपालकाकांनी बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"दिवाळीपासून आहे," आप्पा म्हणाले. "ब्लॉक पहिल्याच रात्री गार झाला होता, भूपाल. त्याला उगाच नाव ठेवलं मी."

"डॉक्टरला दावलंय?"

"दाखवलं. असंच राहणार म्हणतो."

भूपालकाका टोपीची घडी घालत राहिले. त्यांच्या मनात मिरजेचा माणूस होता, लाउडस्पीकर होता, गाड्याला कमी पडलेला एक हात होता, आणि समोर हा ब्लॉक होता, ज्यात कापायला फक्त एकदाच पुरेल एवढं लोखंड होतं. ते दारापर्यंत गेले, टेम्पोकडे बघितलं आणि परत आले.

"मग माझा ब्लॉक मारणार कोण, अण्णा?" त्यांनी विचारलं. "आन् आजचं सोडा. ह्याच्या फुडं ह्या मशीनवर कोण?"

हा प्रश्न त्या दुकानात इतक्या वेळा विचारला गेला होता की त्याचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. टेम्पोवालाही दोर हातात घेऊन दारात थांबला.

आप्पांनी कमरेची किल्ली काढून कटरच्या लाकडी पेटीवर ठेवली. ती पेटी त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे. किल्ली ठेवताना लाकडावर बारीक टकटक झाली. ती त्यांनी लपवली नाही.

"राजुल," ते म्हणाले. मला हाक मारली असं वाटून मी पुढं झाले, पण ते भूपालकाकांकडे बघूनच बोलत होते. "राजुल मारणार. मी शेजारी उभा राहून आवाज ऐकतो. आज तुझा, आणि ह्यापुढं जे जे येतील ते सगळे. मी आता मारणार नाही."